९३ आणि ५.९: एकाच गेमबद्दलची दोन खरी मते

पत्र: "मी २८ वर्षांची आहे आणि नाशिकला एका सहकारी बँकेत काम करते. रात्रीची जेवणे आटोपली की तासभर गेम खेळणे हा माझा बऱ्याच वर्षांचा विरंगुळा आहे. धाकट्या भावाने या वाढदिवसाला मला 'एलियन: आयसोलेशन' भेट दिला. त्याच्या मते भीतीच्या गेममध्ये याच्या तोडीचा दुसरा नाही. भावाच्या आग्रहावरून मी कठीण पातळी निवडली, चार रात्री खेळले आणि पाचव्या टप्प्यातल्या रुग्णालयात अडकले. एकाच पॅसेजमध्ये अकरा वेळा मेले. मग परीक्षणे वाचली, तर गोंधळ आणखी वाढला. आयजीएनने १० पैकी ५.९ गुण दिले आहेत आणि पीसी गेमरने १०० पैकी ९३. भाऊ म्हणतो, 'ताई, कमी गुण देणाऱ्यांना तो खेळताच आला नाही.' मला भीती वाटते, वातावरण विलक्षण वाटते, पण मजा येते असे मात्र म्हणवत नाही. कोणाचे खरे मानावे? पुढे खेळावे की सोडून द्यावे? आणि सोडलाच, तर भावाला काय सांगावे?"

उत्तर:

भीती वाटते, वातावरण विलक्षण वाटते, पण मजा येते असे म्हणवत नाही, हे तुमचे वाक्य मी थांबून दोनदा वाचले, कारण ७ ऑक्टोबर २०१४ रोजी हा गेम बाजारात आला तेव्हापासून समीक्षक आणि खेळाडू त्याच्याविषयी जो वाद घालत आले आहेत तो जवळजवळ सगळा त्यात आला आहे. तुम्ही दिलेल्या दोन आकड्यांत आणखी दोन घाला: गेमस्पॉटने १० पैकी ६ गुण दिले होते आणि पॉलिगॉनने ६.५. पीसी गेमरने मात्र ९३ गुण देऊन शिवाय त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम म्हणून त्याचीच निवड केली. जाणकारांमध्ये एवढे अंतर पडले की वाचणाऱ्याला साहजिकच वाटते, यांच्यापैकी कोणीतरी चुकले असणार. मला तसे वाटत नाही. गुणांचे आकडे हाताने झाकून ही परीक्षणे एकापाठोपाठ एक वाचली, तर गेममध्ये नेमके काय आहे याबद्दल त्यांच्यात आश्चर्य वाटावे इतके एकमत दिसते. अंतराळस्थानक जिवंत उभे केले आहे, आवाज अंगावर येतात, तिथे खेळाडूची शिकार करत फिरणारा एलियन हा परग्रहावरचा प्राणी पुढच्या क्षणी काय करील ते सांगता येत नाही, आणि गेम लांब आहे, या गोष्टी स्तुती करणाऱ्यांच्याही लिखाणात सापडतात आणि वैतागलेल्यांच्याही. वाद आहे तो एवढाच, की ही भीती किती तास सोसावी आणि तिच्यापायी किती कष्ट उपसावेत. त्याचे उत्तर माणसागणिक बदलते, म्हणून आकडेही बदलले.

वातावरणाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते तुम्ही स्वतः अनुभवले आहे आणि तिथे कोणाचे दुमतही नाही. तरी त्यामागचे कष्ट ठाऊक असावेत. हा गेम इंग्लंडमधल्या हॉर्शम या गावच्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने केला आणि सेगाने प्रकाशित केला. ही कंपनी तोवर 'टोटल वॉर' या सैन्ये हलवण्याच्या, डावपेचांच्या गेमसाठी ओळखली जात होती. अंधारात एकट्या माणसाला घाबरवण्याचे काम तिच्याकडून कोणी अपेक्षिले नव्हते. १९७९ सालच्या 'एलियन' या मूळ चित्रपटाची छायाचित्रे, रेखाटने, ध्वनिमुद्रणे असे सुमारे ३ टेराबाइटचे साहित्य फॉक्स कंपनीने त्यांना दिले, आणि त्यावरून त्यांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली: १९७९ सालच्या माणसाला भविष्यकाळ जसा दिसला असता, तसाच तो इथे दिसला पाहिजे. म्हणून गेममध्ये वर्ष २१३७ असूनही भिंतींवर जाड काचेचे मॉनिटर आहेत, हिरवी अक्षरे आहेत, खटका दाबल्यासारखी वाजणारी बटणे आहेत. पडद्यावरची चित्रे थरथरलेली दिसावीत म्हणून त्यांनी ती खरोखरच व्हीएचएस टेपवर उतरवली, जुन्या टीव्हीवर चालवली आणि तिथून पुन्हा टिपली. आवाजासाठी या गेमला २०१५ साली बाफ्टा पुरस्कार मिळाला. कमी गुण देणाऱ्यांनीही या बाबतीत हात आखडता घेतलेला नाही.

आता त्या पॅसेजमध्ये येऊ, जिथे तुम्ही अकरा वेळा मेलात. त्या अकरा मरणांचे कारण तुमच्या बोटांच्या चपळाईत शोधू नका. ते एलियनच्या बांधणीत आहे, आणि ती बांधणी कळली की समीक्षक का दुभंगले तेही कळते.

या गेममध्ये एलियनला जणू दोन मने दिलेली आहेत. पहिले मन पडद्यामागे बसलेल्या सूत्रधाराचे आहे. गेमची नायिका अमांडा रिप्ली, म्हणजे तुम्ही, या क्षणी कुठे आहात हे त्याला सतत माहीत असते. दुसरे मन खुद्द त्या प्राण्याचे आहे, आणि त्याला तुमचा ठावठिकाणा माहीत नसतो. त्याला फक्त डोळे आहेत आणि कान आहेत. सूत्रधार अधूनमधून प्राण्याला एवढेच सुचवतो की अमुक भागात जाऊन बघ. तिथे पोहोचल्यावर मात्र शोध त्या प्राण्याने स्वतः घ्यायचा असतो: पावलांचा आवाज, दाराची सरसर, टॉर्चचा झोत, आणि अगदी जवळ असेल तर तुमच्या हातातल्या मोशन ट्रॅकरची, म्हणजे आसपासची हालचाल दाखवणाऱ्या यंत्राची, टिकटिकसुद्धा. त्याच वेळी सूत्रधार तुमच्यावर किती वेळ ताण आहे याचाही हिशेब ठेवतो, आणि तो फार झाला की प्राण्याला छतातल्या डक्टमध्ये परत बोलावून तुम्हाला श्वास घेऊ देतो. त्यातच भर म्हणजे हा प्राणी सुरुवातीला आपले सगळे गुण दाखवत नाही. जसजसा गेम पुढे जातो तसतशा त्याच्या वागण्याच्या नव्या तऱ्हा खुल्या होतात, त्यामुळे पहिल्या तासात चाललेली युक्ती दहाव्या तासात चालेलच असे नसते. बंदुकीने तो मरत नाही. पुढे आगीचा झोत फेकणारे यंत्र मिळते, त्याने तो काही काळ पळतो, पण इंधन मोजके असते आणि तो परत येतोच.

लपतछपत खेळायच्या इतर गेममध्ये पहारेकऱ्याची फेरी ठरलेली असते. दोनदा पकडले गेलो की त्याची वाट पाठ होते, तिसऱ्यांदा आपण त्याच्या पाठीमागून निसटतो, आणि त्या निसटण्यात हुशारीचा आनंद असतो. तिथे हरणे हे शिकणे असते. हा गेम जिथे घडतो त्या सेव्हास्टोपोल स्थानकावर ही सोय नाही. तुम्ही पाचव्यांदा अगदी तसेच वागलात, त्याच टेबलाखाली तेवढाच वेळ दबून राहिलात, तरी या वेळी तो वाकून बघेल, आणि त्याचे कारण तुम्हाला कधीच कळणार नाही. ५.९ आणि ६ देणाऱ्यांची तक्रार इथे आहे. त्यांचे म्हणणे असे, की ज्या मरणातून काही शिकता येत नाही ते मरण फक्त कंटाळा वाढवते, आणि लॉकरमध्ये लपून वाट पाहण्यात गेमचा फार मोठा भाग निघून जातो. ९३ देणाऱ्यांनी याच गोष्टीला डोक्यावर घेतले. त्यांच्या दृष्टीने वाट पाठ होणारा राक्षस हा तासाभरानंतर राक्षस राहत नाही, तो एक कोडे होतो. हा एकच प्राणी शेवटपर्यंत प्राणी राहिला. दोघेही एकाच वस्तूचे अचूक वर्णन करत आहेत, आणि म्हणून मी दोघांनाही खोटे म्हणायला तयार नाही.

दुसरी गोष्ट भिंतीवरच्या फोनची. या गेममध्ये पावलोपावली आपोआप सेव्ह होत नाही. बारीक आवाज करणारा आपत्कालीन फोन शोधायचा, त्याच्यात कार्ड घालायचे, एकेक करून तीन दिवे लागेपर्यंत उभे राहायचे, आणि ते दोन-चार सेकंद तुमची पाठ उघडी असते. शत्रू जवळपास असेल तर फोन तसे सांगतो आणि निर्णय तुमच्यावर सोडतो. या तीन दिव्यांइतका ताण मी दुसऱ्या कोणत्याही गेममध्ये अनुभवलेला नाही, आणि ज्या समीक्षकांनी या कल्पनेची तारीफ केली त्यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. पण दोन फोनांमधले अंतर मोठे असते. मेलो की मागच्या फोनपासून पुन्हा तेच ड्रॉवर उघडायचे, त्याच वस्तू उचलायच्या, तेच दार तोडायचे. पहिल्या वेळी काळजाचा ठोका चुकतो, दुसऱ्या वेळी सावधपणा येतो, आणि पाचव्या-सहाव्या वेळी तिथे भीती उरतच नाही, उरते ती पाढे घोकल्यासारखी उजळणी. तुम्ही अकराव्या वेळेपर्यंत गेलात. तोवर तुम्हाला जे वाटत होते ते या गेमच्या निर्मात्यांना अभिप्रेत असलेले भय नव्हते, तो निव्वळ शीण होता, आणि शिणाला मजा म्हणवत नाही यात तुमचे काही चुकलेले नाही.

तिसरी गोष्ट लांबीची, आणि इथे मी कमी गुण देणाऱ्यांच्या बाजूला उभा आहे. अठरा टप्पे आणि साधारण अठरा ते वीस तास, हे या जातीच्या गेमसाठी फार आहे. पुढे काय होते ते मी सांगणार नाही, कारण तुम्ही अजून मधोमधही पोहोचलेल्या नाहीत; पण एका ठिकाणी गोष्ट आता संपली असे मनापासून वाटते आणि तिथून ती पुन्हा सुरू होते, एवढे सांगायला हरकत नाही. मधला काही भाग सीगसन कंपनीच्या फिकट चेहऱ्याच्या यंत्रमानवांवर काढलेला आहे. गळा आवळतानाही ते शांतपणे, अदबीने बोलतात, हे पहिल्यांदा फार भेसूर वाटते, पण इतका वेळ तो भेसूरपणा टिकत नाही. हा गेम बारा तासांचा असता तर माझ्या मते त्याच्याविषयी एवढा वाद झालाच नसता.

लांबीचा प्रश्न परीक्षण लिहिणाऱ्याच्या परिस्थितीशीही जोडलेला आहे, आणि हे वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही. समीक्षकाच्या हाती गेम येतो तो प्रकाशनाच्या काही दिवस आधी, आणि लेख ठरलेल्या तारखेला द्यायचा असतो. वीस तासांची भीती त्याला दोन-तीन दिवसांत पोटात घालावी लागते. शिवाय निर्मात्यांनीच कठीण पातळी हा खरा अनुभव म्हणून पुढे केली होती. चार तास लॉकरच्या फटीतून बाहेर बघत बसलेल्या माणसाला पाचव्या तासाला तीच फट बघताना जे वाटते, ते त्याने प्रामाणिकपणे लिहिले. तुमच्या भावाने हाच गेम, मी समजतो, सुटीत किंवा महिनाभर रात्री थोडा थोडा खेळला असेल. घरच्या हापूसची पेटी महिनाभर पुरवून खाणारा आणि तीच पेटी दोन दिवसांत संपवावी लागणारा, या दोघांचे आंब्याबद्दलचे मत वेगळे पडले तर आपण आंब्याला किंवा खाणाऱ्याला दोष देत नाही.

म्हणूनच भावाचे 'त्यांना खेळताच आला नाही' हे म्हणणे मला अजिबात मान्य नाही. हे वाक्य गेल्या दहा वर्षांत अनेक खेळाडूंनी त्या समीक्षकांबद्दल म्हटले आहे आणि ते अन्यायाचे आहे. सलग बसून खेळणाऱ्या, मेल्यावर चिडणाऱ्या, वेळ मोजकी असणाऱ्या गिऱ्हाइकाला ५.९ चे परीक्षण नेमकी हवी ती माहिती देते. ज्याने पैसे मोजायचे आहेत त्याच्यासाठी परीक्षण असते. ज्याचे प्रेम आधीच जडले आहे त्याला धीर देण्यासाठी ते नसते. तितकेच अन्यायाचे दुसरे वाक्यही मी ऐकले आहे, की ९३ देणारे चित्रपटाच्या मोहात आंधळे झाले होते. त्यांनी प्राण्याच्या वागण्याबद्दल जे बारकाईने लिहिले ते मोहात पडलेल्या माणसाला जमणारे नाही.

खेळाडूंच्या मतांबद्दलही एक सावधगिरी सांगतो. आज तुम्ही कुठेही विचारले तर या गेमची स्तुतीच ऐकू येईल, आणि त्या स्तुतीला आधार आहे. मार्च २०१५ पर्यंत त्याच्या २१ लाखांहून अधिक प्रती गेल्या होत्या. प्रकाशकांना तो आकडा समाधानकारक वाटला नाही, पण नाव मात्र हळूहळू वाढत गेले. २०१९ साली तो निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर आला, २०२१ साली मोबाइलवर आला, आणि प्रत्येक वेळी नवे लोक त्याच्याकडे वळले. बरोबर दहा वर्षांनी, ७ ऑक्टोबर २०२४ रोजी, मूळ गेमचे दिग्दर्शक अल होप यांनी पुढच्या भागाचे काम सुरू झाल्याचे जाहीर केले. पण दहा वर्षांनी एखाद्या गेमबद्दल बोलायला उरतो तो कोण, याचा विचार करा. रुग्णालयात तिसऱ्या रात्री कंटाळून ज्याने तो बंद केला तो माणूस त्याच्याबद्दल लिहीत बसत नाही, तो दुसरा गेम घेतो. बोलत राहतात ते शेवटपर्यंत गेलेले. त्यामुळे काळ जातो तसे मत एकसुरी होत जाते, आणि २०१४ सालच्या त्या नाराज परीक्षणांत तुमच्यासारख्या अर्ध्यावर थांबलेल्या माणसाचा आवाज जपून राहिला आहे. शिवाय ज्यांचे प्रेम आहे तेही सगळे गुणगानच करत नाहीत. एलियन आपल्याच आसपास फार घुटमळतो ही तक्रार जुन्या, पक्क्या खेळाडूंचीच आहे, आणि ती इतकी टोचली की काहींनी गेमच्या आतल्या आकड्यांत फेरफार करून त्याला दूर भटकू देणारे मॉड, म्हणजे खेळाडूंनी स्वतः केलेले बदलही तयार केले.

माझे स्वतःचे सांगायचे तर २०१५ साली मी हा गेम कठीण पातळीवर, रविवारी दुपारभर बसून खेळायला घेतला आणि तुम्ही अडकलात त्याच रुग्णालयात सोडला. त्या वेळी मी मित्रांना सांगत असे की हा गेम दिसायला सुंदर आहे आणि खेळायला निर्दय आहे. दोन वर्षांनी तो पुन्हा लावला, पातळी उतरवली, रोज रात्री एक फोन ते दुसरा फोन एवढेच खेळायचे ठरवले, आणि पाच आठवड्यांत शेवटापर्यंत गेलो. गेम तोच होता. माझे बसणे बदलले होते. पहिले मत मी आजही मागे घेत नाही. त्या रविवारच्या माणसाला ५.९ हाच आकडा बरोबर वाटला असता.

तुमचा आणखी एक, न विचारलेला प्रश्न असा आहे की मजा वाटत नाही म्हणजे आपल्याला हे कळतच नाही का. भरताच्या नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले आहेत त्यांत भयानक हाही एक रस आहे आणि भय हा त्याचा स्थायीभाव आहे. म्हणजे भीतीचाही आस्वाद असतो, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे, आणि त्या आस्वादाला मजा हा शब्द अपुरा पडतो. मात्र प्रेक्षक त्या भीतीचा रस घेऊ शकतो तो आसनावर बसलेला असल्यामुळे. रंगमंचावरच्या पात्राला राक्षस खाईल, आपल्याला नाही, हे अंतर त्याच्याजवळ असते. गेममध्ये ते अंतर कमी होते, कारण दार उघडायचे की नाही हे तुमचा अंगठा ठरवतो. काही जणांना त्या जवळिकीमुळेच रस मिळतो, काहींना अंतर मोडले की रसच उरत नाही. तुम्हाला वातावरण विलक्षण वाटते आहे, म्हणजे रस तुमच्यापर्यंत पोहोचतो आहे. तो अकरा मरणांच्या खाली दबला आहे एवढेच. म्हणून लगेच सोडा असे मी म्हणणार नाही.

गेम सोप्या पातळीवर पुन्हा सुरू करा. आधीचे चार टप्पे तुम्हाला ठाऊक असल्यामुळे लवकर होतील. निर्मात्यांनी प्रकाशनानंतर मोफत सुधारणेतून त्याहूनही सोपी, नवख्यांसाठीची पातळी दिली आहे, तीही घ्यायला संकोचू नका. पातळी उतरवणे म्हणजे गेमशी अप्रामाणिकपणा, असे तुमचा भाऊ म्हणाला तर त्याला 'सोमा'ची गोष्ट सांगा. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सने २०१५ साली केलेल्या या समुद्रतळावरच्या गेमबद्दलही असाच वाद झाला होता. कथा अप्रतिम आहे पण राक्षस मध्ये येतात, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. खेळाडूंनी राक्षसांना निरुपद्रवी करणारे मॉड काढले, आणि २०१७ साली खुद्द कंपनीने तशी सुरक्षित पद्धत गेममध्ये अधिकृतपणे घातली. राक्षस दिसतात, अंगावरही येतात, पण मारत नाहीत. ज्यांनी तो गेम लिहिला त्यांनाच त्यात कमीपणा वाटला नाही.

रुग्णालयात शिरल्यावर पळू नका. पळण्याचा आवाज त्याला लांबून ऐकू येतो आणि त्याच्यापेक्षा वेगाने तुम्ही कधीच पळणार नाही. ट्रॅकर सतत हातात धरून ठेवू नका; एकदा बघा, खाली घ्या, आणि तो अगदी जवळ असेल तेव्हा मुळीच बाहेर काढू नका. लॉकर हा शेवटचा उपाय समजा, कारण लॉकरमध्ये बसलेल्या माणसाला बाहेरचे फार थोडे दिसते आणि वेळ फार जातो. टेबल, ट्रॉली, कपाटाची आडोशाची बाजू यांच्या भोवती फिरत राहणे अधिक बरे. छतातल्या झडपेतून लाळ टपकताना दिसली तर त्या खालून जाऊ नका. आवाज करणारे यंत्र तयार करता आले तर ते स्वतःपासून लांब, जायचे आहे त्याच्या उलट दिशेला फेका. आणि फोन दिसला की सामान गोळा करण्याच्या लोभात न पडता आधी सेव्ह करा. कन्सोलवर खेळत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा: प्लेस्टेशन ४ च्या कॅमेऱ्याच्या किंवा एक्सबॉक्स वनच्या किनेक्टच्या माइकमधून खोलीतले खरे आवाज एलियनला ऐकू जाण्याची सोय या गेममध्ये आहे. आईने स्वयंपाकघरातून मारलेली हाकही तो ऐकतो. ती सोय बंद ठेवा.

एका रात्री पाऊण तासापेक्षा जास्त खेळू नका. तीन-चार रात्रींत रुग्णालय पार झाले आणि पुढचा दरवाजा उघडताना उत्सुकता वाटली, तर पुढे जा. पार होऊनही सुटल्यासारखेच वाटले, तर तिथेच थांबा आणि मनात काही ठेवू नका. हा गेम ज्यांना सर्वांत प्रिय आहे त्यांच्यापैकी कित्येकांच्या मते रुग्णालय हाच त्याचा सर्वांत भयंकर आणि सर्वांत चांगला भाग आहे, म्हणजे अर्ध्यावर थांबूनही तुम्ही त्याचे उत्तम ते पाहिलेले असेल.

पुढचा भाग येईल तेव्हा पहिल्याच दिवशी पैसे भरू नका. एक खूप गुण देणारे आणि एक कमी गुण देणारे अशी दोन परीक्षणे घ्या आणि त्यांत फक्त एवढे शोधा: किती तासांचा आहे, मेल्यावर किती मागे जावे लागते, आणि पातळी बदलता येते का. या तीन गोष्टींवरून तुमचा गुण तुम्हाला देता येईल.

भावाला हे पत्र दाखवलेत तरी चालेल. गेम आवडला की नाही असा प्रश्न त्याच्याशी काढू नका, कारण तो तुमच्याकडून ९३ ऐकण्याची वाट पाहतो आहे. त्याऐवजी त्याला विचारा की तो कोणत्या ठिकाणी सर्वांत जास्त घाबरला होता, आणि तुमचे ठिकाण त्याला सांगा. पुढच्या वेळी तो घरी आला की त्याला रात्री शेजारी बसवा, कंट्रोलर तुमच्याच हाती राहू द्या आणि त्याच्याकडे एकच काम सोपवा: छतातला आवाज कोणत्या बाजूने आला ते सांगायचे. त्या रात्री हेडफोन मात्र काढून ठेवावे लागतील.